काजूच्या काट्यावर

हे लिहायला बसले तेव्हा नवरा म्हणाला, आधी राग जाऊ दे, मग लिही. राग गेला असता तर मी लिहिलंच कशाला असतं?

मी आचऱ्याजवळच्या एका वाडीत अंगणवाडी सेविका आहे. वय त्रेचाळीस. ऑपरेशनला सहा महिने झाले. जखम भरली, आता मुलांना पुन्हा कडेवर घेते. हर्निया कशामुळे होतो, आत जाळी कशी बसवतात, हे मी सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम. जाड बाई दवाखान्याची पायरी चढते तेव्हा तिचं काय होतं, एवढंच मला सांगायचंय. माझ्यासारख्या पुष्कळजणी दुखणं अंगावर काढत घरी बसल्यात आणि चूक आपलीच आहे असं त्यांना वाटतंय. मलाही दहा महिने तसंच वाटत होतं.

"जाड" हा शब्द मी मुद्दाम लिहिलाय. लोक तोंडावर "अंगान भरलंस" म्हणतात आणि पाठ वळली की जे म्हणायचं ते म्हणतात. त्यापेक्षा मीच म्हटलेलं बरं.

गाठ

अंगणवाडीत खिचडीचा टोप उचलताना पहिल्यांदा ती हाताला लागली. बेंबीच्या जरा वर, लिंबाएवढी. आडवी झाले की आत जायची, उभी राहिले की बाहेर. दोन महिने मी कोणाला सांगितलं नाही. गाठ म्हटल्यावर आपल्याकडे बाईच्या मनात काय येतं ते मी लिहायला नको. रात्रंदिवस तेच मनात आणि दिवसभर मुलांकडून बडबडगीतं म्हणून घ्यायची.

शेवटी नवऱ्याला सांगितलं. तो मालवणात बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. बोलतो कमी. त्याने दुसऱ्या दिवशी खाडा केला आणि मला गाडीवर घालून कणकवलीला नेलं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथले डॉक्टर वाईट नाहीत, हात चांगला आहे, लांबून लोक येतात. राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा.

डॉक्टरांनी गाठ दाबली, खोकायला सांगितलं, पुन्हा दाबली. म्हणाले, हर्निया आहे. मला इतकं हलकं वाटलं की मी हसले. कॅन्सर नाही, म्हणजे आपण जगलो. मग त्यांनी मान वर करून पहिल्यांदा मला सगळीच्या सगळी पाहिलं.

"ऑपरेशन लागेल. पण या वजनावर मी हात लावणार नाही. पाच किलो उतरवा, मग या."

मी विचारलं, तोपर्यंत हे अडकलं तर? ते म्हणाले, गाठ कडक झाली, उलट्या सुरू झाल्या तर एक मिनिट थांबू नका, आतडं अडकलं तर जिवावर बेततं. म्हणजे एका दमात दोन गोष्टी मिळाल्या. ही गाठ कधीही जीव घेऊ शकते आणि ती काढायची की नाही हे माझ्या जेवणावर आहे. एवढं ऐकवून त्यांनी घंटी वाजवली, पुढचा पेशंट.

काटा

केसपेपरवर वजन लिहायचं राहिलं होतं. दवाखान्यातला काचेचा काटा मी पाय ठेवल्यावर आकडे दाखवायचं सोडून टुकटुक वाजायला लागला. कंपाउंडरने बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की हा एकशेवीसच्या वर जात नाही, समोर काजूवाल्याकडे जाऊन चिठ्ठी घेऊन या. आमचे मोठे पेशंट तिकडेच जातात. कुणी औषध समोरच्या दुकानातून आणायला सांगावं इतक्या सहज त्याने ते सांगितलं.

नवरा उठायला लागला. मी म्हटलं, तू बस. त्याने ते बघू नये असं मला वाटलं.

एप्रिल महिना. काजूचा हंगाम ऐन भरात. समोरच्या वखारीत पोत्यांच्या थप्प्या, बाहेर टेम्पो, गावागावातून बी घेऊन आलेले बाप्ये ओळीत उभे. मी जाऊन सांगितलं, दवाखान्यातून पाठवलंय. काट्यावरचं पोतं एका माणसाने ओढून खाली घेतलं आणि जागा करून दिली. त्यांना काही विशेष वाटलं नसावं. माझ्यासारख्या रोजच येत असतील.

इथे मला माझी चूक सांगायची आहे. मी दर महिन्याला मुलांची वजनं घेते. झोळी लावली की आधी काटा शून्यावर आणायचा, मग मूल घालायचं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. बारक्या मुलाचं वजन मी दुसऱ्या आयांसमोर मोठ्याने सांगत नाही, तिच्या कानाशी सांगते, कारण लेकरू हलकं भरलं की आई कशी कावरीबावरी होते ते मी बघितलंय. अशी मी, वीस वर्षं काटे बघणारी, त्या लोखंडी पाटावर चढले आणि डोळे घट्ट मिटून घेतले. मला तो आकडा त्या पंधरा बाप्यांबरोबर वाचायचा नव्हता. काट्यावर आधी काय होतं, शून्य होतं की नव्हतं, मी पाहिलंच नाही.

मशीनमधून चिठ्ठी आली. वर वखारीचं नाव, खाली वजन एकशेएकवीस. मालाच्या रकान्यात छापलेलं होतं, काजू बी. डॉक्टरांनी ती चिठ्ठी केसपेपरला टाचणीने लावली, खाली "वजन कमी करा" असं लिहून त्याखाली रेघ मारली आणि सही केली. मला एकशेसोळावर यायचं होतं.

उपाय तेवढे भरपूर

कसं कमी करायचं, हे त्या कागदावर नव्हतं. मी कंपाउंडरला विचारलं. तो म्हणाला, खाणं कमी करा नि चाला.

माझ्या अंगणवाडीत कमी वजनाच्या मुलांसाठी वेगळी नोंदवही आहे. मूल हलकं भरलं तर त्याला जादा आहार आहे, घरभेट आहे, वरून तपासणीला माणसं येतात, आणि महिनाभरात वजन वाढलं नाही तर जाब मला विचारतात. मुलाला कोणी विचारत नाही की बाबा रे, तू प्रयत्न का नाही केलास? आणि हे असंच असायला हवं. पण तेच मूल मोठं होऊन भारी झालं की नोंदवही संपते. मग उरतो तो फुकटचा सल्ला, आणि जाब विचारायला अख्खा गाव.

तरी मी शोधलं. कणकवलीत एका मोबाईलच्या दुकानावर माडीवर पावडरीचा क्लब होता. सकाळी गोल बसायचं, पावडरीचं दूध प्यायचं, ज्याचं वजन उतरलं त्याच्यासाठी टाळ्या वाजवायच्या. चालवणारी बाई गोड बोलायची. आठ दिवसांनी तिने मला विचारलं, तुम्ही अंगणवाडीत आहात म्हणजे तुमच्याकडे किती आया येतात? तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तिला माझं वजन नकोय, गिऱ्हाईक हवंय. त्यानंतर गेले नाही.

जिममध्ये गेले तर आत सगळी कॉलेजची पोरं. चालायच्या पट्ट्यावर बारकी चिठ्ठी चिकटवलेली होती, एकशेदहा किलोपर्यंतच. चालवणारा मुलगा बिचारा लाजला. "काकी, मशीन बिघडली तर..." एवढं बोलून तो थांबला. मी म्हटलं, राहू दे बाबा. वजन उतरवायच्या मशीनला वजन झेपत नाही, मग ती कोणासाठी ठेवलीय हे मला आजवर कोणी सांगितलं नाही.

मग आहारतज्ज्ञ. बाहेरगावहून महिन्यातून दोनदा यायची. तिने विचारलं, दिवसाला चपात्या किती? मी म्हटलं, आम्ही चपात्या खात नाही. तर म्हणाली, छान. आणि प्लास्टिक लावलेला छापील तक्ता दिला. ओट्स, पनीर, ब्रोकोली, ऑलिव्हचं तेल. मी वाचून विचारलं, मॅडम, पेज कुठल्या रकान्यात धरू? सकाळी उकड्या तांदळाची पेज घेतल्याशिवाय आमच्याकडे कोणी घराबाहेर पडत नाही. तिला पेज माहीत होती, पण ती आजारी माणसाची असते असं तिला वाटत होतं. माशांचं विचारलं तर म्हणाली, महिनाभर बंद ठेवून बघा. ज्या घरात दाराशी बांगडे येतात त्या घरातल्या बाईने ब्रोकोली शोधत कणकवलीला यायचं.

मुंबईला नोकरी करणारी माझी मुलगी फोनवर व्यायामाचे व्हिडिओ पाठवायची. त्यातल्या बाया माझ्या निम्म्या होत्या आणि लाकडी फरशीवर उड्या मारत होत्या. पोटात हर्निया असलेल्या बाईने उडी मारायची की नाही, हे मी तिला विचारलं तर तिला रडू आलं. मग मी रोज खोटंच सांगायला लागले, केला गो व्यायाम.

विळा घेऊन चालणं

शेवटी माझं मीच ठरवलं. पेज टोपातून प्यायची ती वाटीतून. आमटीत खोबऱ्याचं वाटप निम्मं. बांगडे तळायचे नाहीत, तिरफळं घालून कालवण करायचं. आणि रोज चालायचं.

चालायचं म्हणणं सोपं आहे. आमच्या वाडीत काम नसताना कोणी चालत नाही. पहिल्या दिवशी मी नुसती हात हलवत निघाले तर अर्ध्या वाटेत चार घरांतून विचारणा झाली, खंय जातंस गो? काही नाही, चालायला, म्हटलं की त्यांना वाटायचं घरात भांडण झालंय. मग आत बोलवायच्या. चहा, वर खारी बिस्किटं, आणि काय झाला ता सांग बघू. आठवड्यात माझं वजन वाढलं असणार. शेवटी मी हातात विळा नि काखेला रिकामं पोतं घेऊन निघायला लागले. गवताला चालले म्हटलं की कोणी अडवत नाही. तीन महिने मी रोज न कापलेल्या गवतासाठी तासभर चालले. नवऱ्याने एकदा विचारलं, गुरं तर आपल्याकडे नाहीत. कारण सांगितल्यावर तो खूप दिवसांनी मनापासून हसला.

घरात मात्र हसू नव्हतं. सासूबाई सत्तरीच्या. त्यांच्या लेखी सून नीट जेवत नाही म्हणजे घराची अब्रू गेली. मी दुसऱ्यांदा भात नको म्हटला की त्या डाव टोपात आपटायच्या. "माज्या हातचा जेवाण नको झाला तुका," एवढंच बोलायच्या आणि दोन दिवस अबोला. आणि त्याच सासूबाई शेजारणीला सांगायच्या की हिचं खाणंच फार. मी दोन्ही ऐकत होते. एकदा मात्र मी भडकले, ताट तसंच ठेवून उठले, आणि मागच्या दारी बसून रडले. भूकही लागली होती, हे खरं सांगते. भूक लागलेल्या माणसाचा राग वेगळाच असतो.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. दर रविवारी नवरा गाडीच्या मागच्या चाकात हवा जरा जास्त भरून ठेवायचा आणि मागचे शॉक त्याने गुपचूप बदलले होते. मला बसताना गाडी दबलेली जाणवू नये म्हणून. 

एक किलो

ऑगस्टमध्ये पुन्हा गेलो. अंगातले ब्लाउज ढिले झाले होते, दोन शिवून घेतले होते. जिना चढताना दम कमी लागत होता. मी खुशीत होते. काजूवाल्याकडे हंगाम संपून वखार रिकामी, कोणी बघायला नाही, मी काट्यावर चढले, या वेळी डोळे उघडे. शून्यावरून आकडा चढला आणि थांबला. एकशेवीस.

मी उतरून पुन्हा चढले. एकशेवीसच.

डॉक्टरांनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी धरल्या. चार महिन्यांत एक किलो? मी सांगायला लागले, वाटीतून पेज, अर्धं वाटप, रोजचं चालणं, ढिले ब्लाउज. ते ऐकून घेत होते, आणि चेहऱ्यावर ते हसू होतं, जे मास्तर खोटं बोलणाऱ्या पोरासमोर ठेवतात. मग म्हणाले, "बाई, मशीन खोटं बोलत नाही. माणसं बोलतात. तुम्ही नेमकं काय खाता ते तुम्हालाच माहीत." दुसऱ्या कागदावर तेच तीन शब्द, तीच रेघ, तीच सही.

तळपायाची आग मस्तकात गेली. दवाखान्यात गेलं की मी शुद्ध बोलायला लागते, आणि शुद्ध भाषेत मला भांडता येत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे घरी येईपर्यंत मला त्यांचंच खरं वाटायला लागलं. कधी चोरून खाल्लं असेल का मी? मुलांच्या खिचडीतला एखादा घास? लग्नातलं पंगतीचं? गाडीवर मागे बसून मी तीन महिन्यांचे घास मोजत होते. घरी पोचले, सासूबाईंना म्हटलं वाढा, आणि पोटभर जेवले. चार तळलेले बांगडे, दोनदा भात. सासूबाई खूश झाल्या. मी विळा भिंतीला लावून टाकला.

बारदान

नोव्हेंबरात गाठ मोठी झाली, दुखायला लागली. शिंक आली तरी हाताने पोट धरून ठेवायचं. तिसऱ्यांदा गेलो. काट्यावर एकशेबावीस.

त्या दिवशी वखारीचे मालक स्वतः गल्ल्यावर होते. म्हातारे, कपाळाला गंध, बोलणं अदबीचं. मी चिठ्ठी हातात घेऊन नुसती उभी राहिले तेव्हा त्यांनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं, एप्रिलात एवढं, ऑगस्टात एवढं, इतकी राबून मेले तरी एकच किलो. त्यांनी जुनी चिठ्ठी मागितली, चष्मा लावून तारीख पाहिली, आणि हिशेब अगदी सरळ असल्यासारखे म्हणाले:

"एप्रिलातली मा? सीझनात मशीनीतच तीन किलोची कट घातलेली असता, बाईनू. पोत्याचा बारदान नि ओल्या बियेची घट. सगळ्यांका तीच. तुमका काय येगळी लावलंय नाय."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. एप्रिलमध्ये माझ्या वजनातून पोत्याचं वजन आणि ओलीची घट वजा झाली होती. मी एकशेचोवीस होते. ऑगस्टपर्यंत मी चार किलो उतरवले होते. पाचला एकच कमी. ढिले ब्लाउज खरे होते, विळा खरा होता, भूक खरी होती.

माझा चेहरा बघून त्या भल्या माणसाला वाटलं मी त्यांच्यावर रागावले. समजूत घालत म्हणाले, "उलट तुमचा वजन कमी दाखवल्यान, ता बराच झाला मा?"

त्यांच्यावर कशी रागावणार? त्यांनी बिचाऱ्यांनी मला इतर मालाइतकंच प्रामाणिकपणे तोललं होतं. रागावले मी माझ्यावर, मिटलेल्या डोळ्यांवर. आणि त्याहून जास्त त्या दवाखान्यावर, ज्याला इतक्या वर्षांत भारी माणसांसाठी एक काटा आणावासा वाटला नाही आणि तरी वजनावरून माणसाला खोटं ठरवायची घाई होती.

धावतच मी डॉक्टरांकडे गेले. सगळं सांगितलं. कट, बारदान, चार किलो. त्यांनी शांतपणे ऐकलं. मला वाटलं आता तरी म्हणतील, अरे, मग तुम्ही खरंच केलंत की.

"म्हणजे तेव्हा तुम्ही एकशेचोवीस होतात," ते म्हणाले. "मग परिस्थिती आपल्याला वाटली त्याहून वाईटच होती."

आकडा माझ्या विरुद्ध होता तोवर तो देवाचा शब्द होता. माझ्या बाजूने निघाला तर त्याचं आणखी एक शेपूट काढून मलाच मारलं. मी म्हटलं, दुखतंय हो फार. त्यांनी दुखण्याची गोळी लिहिली. खाली तेच तीन शब्द.

अडकली ती अडकलीच

फेब्रुवारीत, वजनं घ्यायच्या दिवशी, अंगणवाडीत झोळी टांगत होते तेव्हा पोटात काहीतरी आवळलं. हात लावला तर गाठ सुपारीसारखी कडक. आडवी झाले, आत जाईना. मग उलट्या. मदतनीस बाईने मुलांना पडवीत नेऊन गाणी म्हणायला लावली आणि फोन केला. अँब्युलन्स येईपर्यंत मी मुलांचा आवाज ऐकत जमिनीवर पडून होते आणि मला मरणाची भीती वाटत होती. तसंच लिहिते, कारण हॉस्पिटलात सगळे "घाबरू नका" म्हणतात आणि घाबरलेल्या माणसाला लाज वाटायला लागते. मी घाबरले होते. आचरा ते कणकवली रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्यात मी मुलीचं नाव घेतलं.

तेच डॉक्टर. त्यांनी पोट बघितलं आणि लगेच तयारी करायला सांगितली. कोणी काट्यावर पाठवलं नाही. भुलीच्या डॉक्टरीण बाई, पोरसवद्या, माझ्या खाटेशी वाकून हळूच विचारायला आल्या, वजन किती असेल तुमचं? मी म्हटलं, एकशेबावीस, बारदान न कापता. त्यांना ते कळलं नसणार, पण त्यांनी माझा शब्द तसाच लिहून घेतला. शंका घेतली नाही. मला तेवढ्यानेही भरून आलं.

ज्या वजनावर हात लावणार नव्हते, त्याच वजनावर दीड तासात ऑपरेशन झालं. आतडं वाचलं. डॉक्टर नवऱ्याला म्हणाले, आणखी दोन तास गेले असते तर कापावं लागलं असतं.

वॉर्डातले दिवस मला फार कडू आठवत नाहीत. पहाटे ताप बघायला येणारी नर्स माझ्यासाठी दोन गाऊन जोडून बांधायची, कारण मापाचा नव्हता, आणि ते ती कुणाला ऐकू न येता करायची. तिसऱ्या दिवशी सासूबाई एस.टी.ने एकट्या आल्या, डब्यात पेज घेऊन. वाटी काढली, डाव घेतला, आणि थांबल्या.

"किती घालू?"

लग्नाला बावीस वर्षं झाली. हे त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, अर्धी. त्यांनी अर्धीच घातली आणि पदराने माझं तोंड पुसलं.

घरी सोडायच्या दिवशी

सहाव्या दिवशी डॉक्टर राउंडला आले. टाके बघितले, समाधान दिसलं. मग घरच्या माणसासारखं ओरडले. "एवढं अंगावर काढतात का, बाई? आतडं काळं पडायला आलं होतं. आधी का नाही आलात?"

ते थट्टा करत नव्हते. त्यांना मी आठवतच नव्हते. रोजच्या रांगेतली एक जाड बाई, तिचा चेहरा कोण लक्षात ठेवणार?

मी नवऱ्याला म्हटलं, कागद काढ. घरातले महत्त्वाचे कागद तो प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो, अँब्युलन्समध्ये चढतानाही ती त्याने काखेला मारली होती. त्याने एकेक काढून माझ्या पांघरुणावर मांडला. एप्रिल. ऑगस्ट. नोव्हेंबर. तिन्हींवर त्यांचीच सही. तिन्हींना टाचलेली चिठ्ठी. माल, काजू बी.

"आले होते," मी म्हटलं. "तीनदा."

डॉक्टरांनी कागद उचलले. वाचायला तीन शब्दच होते, तरी त्यांना वेळ लागला. शेजारच्या खाटेवरच्या बाईने कूस बदलून आमच्याकडे तोंड केलं. मग ते म्हणाले, या वजनात ऑपरेशनला धोका असतो, तेव्हा तो निर्णय चुकीचा नव्हता. असेल. मी डॉक्टर नाही. त्यांनी कागद मला परत दिले, आणि नर्सच्या हातातला डिस्चार्जचा कागद घेऊन लिहायला लागले. गोळ्या. जड उचलायचं नाही. पंधरा दिवसांनी दाखवायला या. आणि त्याच्या खाली, हाताला सवयच असावी, लिहिलं, वजन कमी...

मी त्या कागदावर बोट ठेवलं. दवाखान्यात मी कधी घरची भाषा बोलले नव्हते. त्या दिवशी तीच आली.

"डॉक्टर, कसा कमी करूचा, ता पण लिवा."

त्यांचं पेन तिथेच थांबलं. नवरा खिडकीशी उभा होता, तो पुढे आला नाही, त्याने मला गप्पही केलं नाही. नर्स खाली बघत होती. मी बोट उचललं, उशीला टेकून नीट बसले आणि त्यांच्या हाताकडे बघत राहिले. पंधरा दिवस मला रजा होती.